उजवीकडचं हेड

डेलबर्टने गाडी तिसऱ्या गिअरात टाकून पाय पार तळापर्यंत दाबला, तेव्हा लव्हॉनला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. इंजिनाच्या गर्जनेच्या आत कुठेतरी, बारीक आणि कोरडा. पत्र्याच्या डब्यात मूठभर सुका मका टाकून कोणीतरी हलवावा तसा. दोन्ही बाजूंनी नुकती पेरलेली काळी सपाट शेतं मागे पळत होती आणि डेलबर्ट नवऱ्यामुलासारखा हसत होता.

"कसं गातंय बघ!" तो ओरडला.

"डेल, पाय काढ!"

"काय?"

"पाय काढ म्हणते मी. खडखडतंय!"

त्याने पाय सैल सोडला. आवाज तिथल्या तिथे नाहीसा झाला. गाडी मेथडिस्ट चर्चच्या वळणापर्यंत नुसती घरंगळत गेली.

"सायलेन्सरवरचा पत्रा असेल," डेलबर्ट म्हणाला. "उद्या आवळतो."

"पत्रा नाही वाटला मला."

"अगं बये, मी बसलोय ना इथे? ठोकत असतं तर मला कळलं नसतं?"

शनिवारी शर्यतीच्या पट्टीवर हंगामातली पहिली स्पर्धा होती, आणि त्या दिवशी या सीटवर डेलबर्ट नसणार होता. त्यांची मुलगी डीना असणार होती.

पट्टी पाव मैलाचीच. पण त्या पाव मैलाच्या शेवटी गाडी ताशी शंभर मैलांच्या वर गेलेली असते. चार वर्षांपूर्वी त्याच टोकाला मर्ल गेरिगच्या पुतण्याच्या इंजिनातला एक पिस्टन फुटला होता. बुडातून तेल उडालं, ते त्याच्याच मागच्या चाकांखाली आलं आणि गाडी भिंतीवर गेली. पोरगा वाचला, पण आजही काठी घेऊन चालतो. पिस्टन का फुटला, ते सगळ्यांना माहीत होतं. इंजिन ठोकत होतं. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण नको इतकं दाबलं गेलं, की ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसल्यासारखा घाव बसतो. एकदा नाही, दर फेऱ्याला.

लव्हॉन स्टकी काही मेकॅनिक नव्हती. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात ती तीनशे पोरांचं दुपारचं जेवण रांधायची आणि रविवारी चर्चमध्ये कॉफी ओतायची. पण लग्नाआधी डेलबर्ट तिला पहिल्यांदा घरी घेऊन गेला तो थेट गॅरेजातच. टेबलावर इंजिनाचं हेड उलटं पडलेलं होतं. इंजिनाच्या दोन अंगांवर अशी दोन लोखंडी झाकणं बसतात आणि प्रत्येकात चार खळगे असतात. खळगा जितका लहान तितकं मिश्रण जास्त दाबलं जातं, म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं, आणि ताकद वाढते, आणि धोकाही. म्हणून खळगा नेमका केवढा आहे ते मोजावं लागतं. त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिकची चकती ग्रीस लावून चिकटवायची, चकतीच्या भोकातून ब्युरेटमधलं, म्हणजे खुणा आखलेल्या काचेच्या नळीतलं, स्पिरिट सोडायचं आणि खळगा काठोकाठ भरायला किती लागलं ते वाचायचं. त्या दिवशी डेलबर्ट पुन्हा पुन्हा वाचत होता आणि दर वेळी वेगळाच आकडा येत होता.

"वरून काय वाचतोस?" लव्हॉन म्हणाली होती. "खाली वाक. डोळा रेषेच्या पातळीत आण. आणि दिसेल असा रंग तरी घाल त्यात."

पुढच्या वेळी येताना ती केकवर घालायच्या लाल रंगाची बाटली घेऊन आली. तेव्हापासून या घरात हेच चालत आलं होतं. डेलबर्ट हेड धरायचा, तोटी फिरवायचा. लव्हॉन गुडघ्यावर बसून वाचायची. स्पिरिटच्या बाटलीच्या झाकणावर तिने नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. औषधाच्या कपाटातल्या साध्या बाटलीशी गल्लत नको म्हणून.

या गाडीच्या, नोव्हाच्या, वेळी मात्र काम अर्ध्यावर तुटलं. मार्च महिन्यात त्यांनी डावं हेड मोजलं, चारही खळगे जवळपास चौसष्ट सीसी. त्याच संध्याकाळी फोर्ट वेनहून फोन आला. तिच्या बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. लव्हॉन आठवडाभर तिकडे राहिली. परत आली तेव्हा इंजिन गाडीत चढलेलंसुद्धा होतं.

"उजवं मोजलंस?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"हो, हो," डेलबर्ट हात पुसत म्हणाला होता. आणि तिला बॅग उघडून मळके कपडे काढायचे होते.

आता तो खडखडाट ऐकून रस्त्यावरून परत आल्यावर ती गॅरेजात गेली ती मागच्या फळीवर ठेवलेले टोमॅटोचे डबे आणायच्या निमित्ताने. नेलपॉलिशचा ठिपका असलेली बाटली फळीवरच होती. ती गळ्यापर्यंत भरलेली होती, तिने जाताना ठेवली होती तशीच. मग तिने गाडीचं बॉनेट उचलून पाहिलं. दोन हेडांच्या मध्ये बसणारा हवा आत घेणारा भाग होता. त्याची डावीकडची भोकं गोल होती. उजवीकडची लांबट झाली होती आणि त्यांच्या कडांवर कानशीचे ताजे ओरखडे होते. बोल्ट सरळ बसेनात म्हणून घासलेली. आणि ते बसत का नाहीत? हेड खालून कोणीतरी आधीच तासून काढलं असेल, तर ते खाली बसतं, भोकं जुळत नाहीत आणि खळगेही लहान होतात. हे तिला डेलबर्टनेच केव्हातरी शिकवलं होतं.

डबे न घेताच ती घरात आली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मर्ल गेरिगच्या स्पेअर पार्टच्या दुकानावरून गेली. डेलबर्टची कारखान्यातली पाळी संपली होती आणि तो तिथेच होता. दुकानातल्या फळ्यावर खडूने नावं आणि आकडे लिहिलेले होते. ही या गावची दर हंगामाची रीत होती. पहिल्या स्पर्धेआधी प्रत्येकाने आपल्या इंजिनाची हॉर्सपॉवर किती, ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. स्पर्धेनंतर मर्ल पुठ्ठ्याच्या चकतीवर गाडीचं वजन आणि पट्टीच्या टोकाचा वेग जुळवून खरा आकडा काढायचा. ज्याचा आकडा सगळ्यात जास्त फुगलेला निघेल त्याने सगळ्यांना साय घालून भाजलेली गोड पाई खाऊ घालायची. खाऊ घालायची म्हणजे त्याच्या बायकोने भाजायची. आजवर लव्हॉनने किती भाजल्या, याचा हिशेब तिने सोडून दिला होता.

डेलबर्टच्या नावापुढे होतं: पावणेचारशे.

"पावणेचारशे!" मर्ल तिला पाहून म्हणाला. "लव्हॉन, साय आत्ताच घेऊन ठेव. शनिवारी दुकानात मिळायची नाही."

"कॉम्प्रेशन सव्वादहा आहे, मर्ल," डेलबर्ट म्हणाला. "नवा कॅमशाफ्ट आहे. पावणेचारशे म्हणजे मी लाजून सांगतोय."

"तू आणि लाजणार? लग्नातसुद्धा लाजला नव्हतास."

तेवढ्यात एक शेतकरी आपला पिकअप दारात चालूच ठेवून आत आला. त्यात काहीतरी किटकिटत होतं. सगळ्यांनी सवयीने डेलबर्टकडे पाहिलं. गावात इंजिन ऐकायचं म्हटलं की डेलबर्ट, हे ठरलेलंच होतं. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"टॅपेट," तो म्हणाला. "मागून दुसरा."

लव्हॉनला तीन पावलांवरूनही स्पष्ट ऐकू येत होतं, की किटकिट पुढे, पाण्याच्या पंपाशी आहे. तिने मर्लकडे पाहिलं. मर्लने नजर चुकवली आणि शेतकऱ्याच्या पाठीवर हात टाकून म्हणाला, "गाडी ठेवून जा. उद्या बघतो मी." ज्या सहजपणे तो हे म्हणाला, त्यावरून तिला कळलं की हे पहिल्यांदा घडत नव्हतं.

तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं असं नाही. टीव्हीचा आवाज वाढत गेला होता. फोन वाजला की तोच उठायचा, पण टपालवाल्याने शीळ घातली तर नाही. ट्रेलरच्या कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसशेजारी इतकी वर्षं काढल्यावर जाड आवाज उरतात आणि बारीक आवाज निघून जातात. तिने एकदा डॉक्टरचं नाव काढलं होतं. त्यावर तो दोन दिवस गॅरेजात जेवला होता.

टीव्ही मोठ्याने लावता येतो. पण हे इंजिन डीनाला घेऊन पट्टीवर जाणार होतं.

बुधवारी डीना दंतवैद्याकडच्या कामावरून आली, तेव्हा लव्हॉन गॅरेजात स्पार्क प्लग काढायचा पाना हातात घेऊन उभी होती.

"मॉम? हे काय चाललंय?"

"आत बस. मी सांगेन तेव्हा पाय पूर्ण दाबून स्टार्टर मार."

"डॅडला माहीत आहे?"

"नाही."

डीना दारातच थांबली. बापासारखेच रुंद खांदे, हनुवटीही तशीच पुढे आलेली. "डॅडने जुळवलंय ते. त्याच्या कानावर माझा विश्वास आहे."

"माझाही होता. बस."

लव्हॉनने प्लग एकेक काढून बशीत मांडले. डावीकडचे चार बिस्किटासारखे तांबूस होते. उजवीकडचे चार पांढरेफटक होते, आणि त्या पांढऱ्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके. मग तिने दाब मोजायचा काटा प्लगच्या भोकात बसवला. डीनाने स्टार्टर मारला. डावीकडे काटा एकशे ऐंशीच्या जरा पुढे जाऊन थांबला. उजवीकडे दोनशे ओलांडून गेला. पुढच्या सिलिंडरलाही तेच. त्याच्या पुढच्यालाही.

डीना गाडीतून उतरून बशीजवळ आली. एक प्लग उचलून तिने उजेडात धरला.

"हे ठिपके कसले?"

"पिस्टनचे," लव्हॉन म्हणाली. "तो थोडा थोडा झडतोय."

डीनाने प्लग हळूच परत ठेवला, जणू तो गरम होता. मग म्हणाली, "मॉम, आपण गुपचूप काही करू शकतो का? त्याला न सांगता? मी आजारी आहे असं सांगते शनिवारी."

"आणि पुढच्या शनिवारी?"

त्या संध्याकाळी लव्हॉनने टूना आणि नूडल्सचं भांडं ओव्हनमध्ये ठेवलं, टायमर फिरवला आणि प्लगची बशी जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीशेजारी ठेवली. डेलबर्ट हात धुऊन आला, बसला आणि बशीकडे पाहत राहिला.

"डेल, उजवं हेड मोजलं होतंस?"

"मोजलं होतं म्हणून सांगितलं ना."

"कशाने? माझ्या ठिपक्याची बाटली भरलेली आहे."

"दोन्ही हेडांवर एकच नंबर आहे. एकाच साच्यातली. मोजायची गरज काय?"

"मग भोकं कानशीने का घासलीस?"

डेलबर्टने बशी दूर सरकवली. मान लाल होत गेली.

"डॅड, दाब उजवीकडे जास्त आहे," डीना म्हणाली. "चारही सिलिंडरमध्ये. मी स्वतः पाहिलं."

"माझ्या मागे माझं इंजिन उघडलंत?" त्याने टेबलावर तळहात आपटला. मिठाची डबी उडाली. "दोघी मिळून? या गावातली इंजिनं कोण ऐकतं? विचारा कोणालाही! ऑर्व्हिल नसबॉमच्या ट्रॅक्टरचं बेअरिंग कोणी ओळखलं? रस्त्यावरून जाताना ओळखलं मी! हे ठोकत असतं, तर मला ऐकू आलं नसतं?"

टायमर वाजायला लागला.

तो डेलबर्टच्या कोपरापासून हातभर अंतरावर, ओट्याच्या कडेला होता आणि कर्कश किणकिणत होता. डेलबर्ट बोलतच राहिला. पहिलं इंजिन आपण कोणत्या वर्षी बांधलं, कोण कोण गाड्या घेऊन येतं, मर्लने काय म्हटलं होतं. लव्हॉन हलली नाही. तिला वाटलं, आता तरी मान वळवेल. आता तरी. डीनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेवटी तीच उठली, हात लांब करून तिने टायमर बंद केला आणि ओव्हन उघडला. गरम वाफ बाहेर आली तेव्हा डेलबर्ट बोलायचा थांबला. त्याने टायमरकडे पाहिलं. मग मुलीच्या तोंडाकडे, मग बायकोच्या.

"वाजत होता?" त्याने विचारलं.

"हो," लव्हॉन म्हणाली.

"बराच वेळ?"

"थोडा वेळ."

त्याने बशीतला एक पांढरा प्लग उचलला आणि अंगठ्याने त्यावरचे ठिपके पुसायचा प्रयत्न केला. ते पुसले जाईनात.

"मर्लला माहीत आहे?"

"आहे."

"मग तो गाड्या का आणू देतो माझ्याकडे?"

"ते त्याला विचार. जेव आता, करपलंय जरा."

तो जेवला नाही. गॅरेजात गेला. लव्हॉनला वाटलं, आता दार लावून घेईल. भांडी घासताना तिचे हात थांबत होते, कान तिकडेच होते. मग पान्याचा आवाज आला, बोल्ट सैल होतानाचा तो जुना कुरकुर आवाज. थोड्या वेळाने त्याने दारातून हाक मारली, नेहमीपेक्षा हळू.

"लव्हॉन. लाल रंग आहे का घरात?"

उजवं हेड टेबलावर उलटं पडलं होतं. त्याने चकती चिकटवली, तिने ब्युरेट भरली. ती गुडघ्यावर बसली; गुडघे आता पूर्वीसारखे वाकत नव्हते. लाल पाणी हळूहळू खळग्यात पसरलं, शेवटचा बुडबुडा भोकापाशी आला आणि फुटला.

"किती?"

"सत्तावन्न."

डेलबर्ट पालथ्या बादलीवर बसला. ओठ हलवत त्याने मनातल्या मनात हिशेब केला. "सव्वाअकरा," तो म्हणाला. "पूर्वीचं पेट्रोल असतं तर पचवलं असतं. आजकालच्या पंपावरच्या पाण्याला नाही झेपायचं." मग चकतीवरचं ग्रीस पुसत: "मी तिला बसवणार होतो त्यात."

"बसवली नाहीस अजून."

शुक्रवारी त्याने रजा टाकली. दुसरं हेड मिळायला वेळ नव्हता, म्हणून आहे त्याच हेडाचे खळगे मोठे करायचं ठरलं. जुने व्हॉल्व्ह बसवून तो फिरत्या दगडाने खळग्याच्या कडा थोड्या थोड्या खाऊन काढायचा आणि लव्हॉन मोजायची. एकोणसाठ. पुन्हा घास. साठ, थोडं वर. जास्त घासलं तर भिंत पातळ होईल, पाण्याच्या मार्गात भोक पडेल आणि सगळंच संपेल, हे दोघांनाही माहीत होतं. एका खळग्यात त्रेसष्ट झाल्यावरही डेलबर्टने दगड पुन्हा टेकवला, तेव्हा तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला. "पुरे. हा इतकाच राहू दे." चारही खळगे त्रेसष्टच्या आसपास आले, तोवर तिची बोटं लाल झाली होती आणि कपाळावरही एक लाल बोट उमटलं होतं. नव्या गॅस्केटवर हेड बसवून, बोल्ट आवळून, नवे प्लग घालून डेलबर्टने गाडी चालू केली. पण रस्त्यावर काढली नाही.

"उद्या तूच सांग," तो म्हणाला.

शनिवारी पट्टीवर वारा होता आणि जळक्या रबराचा वास. डीना हेल्मेट घालून रांगेत उभी होती. डेलबर्ट दर वर्षी सुरुवातीच्या दिव्यांपाशी उभा राहायचा, चारचौघांत, हात खिशात घालून. या वर्षी तो लव्हॉनबरोबर कुंपणाच्या कडेने चालत पट्टीच्या दुसऱ्या अर्ध्यात गेला, जिथे गाडी सगळ्यात जोरात असते. मर्ल आणि त्याच्या टोळक्याने वळून पाहिलं. लव्हॉन कुंपणापासून एका पावलावर उभी राहिली. डेलबर्ट तिच्यासमोर, पट्टीकडे पाठ करून उभा राहिला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहू लागला.

"अरे, तिकडे बघ ना," ती म्हणाली.

"तिकडे बघून मला काय कळणार आहे?"

दिवे हिरवे झाले. दोन गाड्या एकदम सुटल्या. नोव्हाचं जाड गुरगुरणं जवळ येत गेलं, पण शेजारच्या गाडीचा आवाज त्याच्यावर चढला आणि लोकही ओरडत होते. लव्हॉनने श्वास रोखला. डबा, मका, कोरडी खडखड. तिने आवाजांच्या ढिगातून तेवढंच शोधलं. नाही. की आहे? क्षणभर काहीतरी बारीक वाजल्यासारखं वाटलं. समोर डेलबर्टचे डोळे तिच्या डोळ्यांत रुतलेले. ती घाबरली तर तेही त्याला दिसणार होतं आणि त्याला काहीच करता येणार नव्हतं. गाडी समोरून गेली, टोक ओलांडलं, सरळ गेली, सरळच गेली, आणि लांब ब्रेकचे लाल दिवे लागले.

"काय?" डेलबर्टने विचारलं. "काय, लव्हॉन?"

"मला वाटतं, खडखड नव्हती."

"वाटतं?"

"प्लग काढून बघ आधी."

डीना परत आली तेव्हा तिने हेल्मेट काढायची वाटही न बघता त्याने गरम इंजिनातून उजवीकडचे प्लग काढले. बोटं भाजली. चारही तांबूस होते. त्याने चष्मा काढून पाहिले, मग लव्हॉनच्या हातात दिले, मग पुन्हा घेऊन पाहिले.

मर्ल वेगाची पावती घेऊन आलाच होता. एकशे आठ. त्याने पुठ्ठ्याची चकती फिरवली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"सव्वातीनशे! डेलबर्ट, उरलेले पन्नास घोडे वाटेत चरायला थांबले वाटतं!"

टोळकं खिदळलं. "लव्हॉन, साय घेतलीस ना?"

"या वेळी पाई हा भाजेल," लव्हॉन म्हणाली.

"डेलबर्ट? जाळून टाकेल!"

डेलबर्टने मर्लकडे पाहिलं. "टायमर ऐकू येत नाही मला," तो म्हणाला, जरा मोठ्यानेच. "ती सांगेल वाजला की. आणि तू उद्यापासून माझ्याकडे गाड्या ऐकायला पाठवू नकोस. नंतर त्या तूच दुरुस्त करतोस, ते माहीत आहे मला."

मर्लने टोपी काढून डोकं खाजवलं. "मग तू दुकानात येऊन करणार काय?" तो म्हणाला. "कॉफीला तर ये, मूर्खा."

दुसऱ्या फेरीसाठी डीनाचा नंबर पुकारला गेला. तो लव्हॉनने ऐकला आणि डेलबर्टच्या कोपराला हात लावला. ती दोघं पुन्हा कुंपणाच्या कडेने निघाली. या खेपेला मर्ल आणि बाकीचेही मागून आले. सगळे पट्टीकडे तोंड करून उभे राहिले आणि डेलबर्ट एकटा त्यांच्याकडे तोंड करून, बायकोसमोर. लव्हॉनने त्याच्या शेजारून हात घालून बोटं कुंपणाच्या जाळीत अडकवली. दिवे लागले आणि तिने कान तिकडे लावले.